डिस्क कुणी भरली

माझं वय सत्तेचाळीस. बंगळूरच्या एका कंपनीसाठी मी जावामध्ये प्रोग्रॅम लिहितो. लिहितो म्हणजे येळ्ळूरच्या आमच्या घरात, माडीवरच्या खोलीत बसून लिहितो आणि दिवसातून सहा-सात मीटिंगांना हजर राहून मान हलवतो. चार वाजेपर्यंत मान आखडते, पाचपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात. असल्या माणसानं दुसऱ्यांची कामं अंगावर घेऊ नयेत हे मला कळतं. पण आमच्याकडं ‘तू कंप्युटरचं शिकलाईस न्हवं?’ असं कुणी विचारलं की सुटका नसते. एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी खानापूरकडच्या एका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन बसले होते. मसालेभात वाढून होईपर्यंत त्यांच्या डेअरीचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला होता.

काम तसं लहान होतं. दुधाच्या वजनकाट्याचा आणि फॅट मोजायच्या यंत्राचा आकडा कंप्युटरनं उचलायचा आणि दूध घालणाऱ्याच्या हातात चिठ्ठी छापून द्यायची. अट एकच होती आणि ती सर्वसाधारण सभेत एकमतानं मंजूर झाली होती: चिठ्ठी मराठीत पाहिजे, आकड्यांसकट. एका म्हाताऱ्यानं मला सभेतच उभं राहून बजावलं, “शेताचा उतारा कानडीत, औषधाची बाटली इंग्रजीत. म्हशीचं दूध तेवढं आमचं हाय. त्याचा कागद तरी आमाला वाचता येऊ दे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कंप्युटरची भाषाच मराठी करून टाकली. तारीख, वार, महिना, आकडे, सगळं एका झटक्यात मराठीत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सारून चिठ्ठी वाचली, घडी घालून टोपीत ठेवली आणि मला चहा पाजला.

हे सगळं बांधताना मी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरली होती. ओपन सोर्स म्हणजे जगात कुठंकुठं बसलेल्या लोकांनी आपापल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं काम. ही लायब्ररी लॉग लिहिते. लॉग म्हणजे प्रोग्रॅमची रोजनिशी: अमुक वाजता काट्यानं हा आकडा दिला, तमुक वाजता चिठ्ठी छापली. दर दिवसाची नवी फाइल, फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख, आणि महिन्याहून जुन्या फायली लायब्ररी स्वतःच पुसून टाकते. पहिल्याच आठवड्यात मला दिसलं होतं की फायलींच्या नावांतल्या तारखासुद्धा मराठी आकड्यांत पडताहेत. मला गंमत वाटली. मी त्याचा फोटो काढून बायकोला दाखवला आणि विसरून गेलो.

डेअरीत कंप्युटरवर बसायला एक बाई होत्या. पस्तिशीच्या असतील. त्याच गावच्या सून, खानापूरला बी.कॉम. झालेल्या. पहाटे घरचं आवरून सहाच्या ठोक्याला त्या खुर्चीवर असायच्या आणि संध्याकाळी पुन्हा. गावातली मोठी माणसंसुद्धा त्यांना आक्का म्हणायची. घरात त्यांच्या सासूला हे फारसं पसंत नव्हतं. बायामाणसानं दिवस उगवायच्या आत गड्यांच्या रांगेसमोर बसायचं कशाला, हा त्यांचा सवाल. आक्कांनी वर्षभर न भांडता, न चुकता काम करून तो सवाल जेमतेम गप्प केला होता. मला हे पहिल्यापासून माहीत होतं, कारण प्रोग्रॅम शिकवायला गेलो होतो तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “सर, हे बंद पडून मला उशीर व्हायला नगो. उशीर झाला की घरात बोलणी बसत्यात.” मी म्हणालो होतो, बंद पडणार नाही.

दीडेक वर्षानं बंद पडलं.

सकाळची वेळ, बाहेर रांग, किटल्या पायरीवर, आणि पडद्यावर डिस्क भरल्याचा निरोप. चेअरमनचा भाचा तेव्हा बेळगावात मोबाइलच्या दुकानात काम करायचा. तो त्या दिवशी गावात होता. त्यानं बघितलं आणि निकाल देऊन टाकला: डिस्क आपोआप भरत नसते, कुणीतरी काहीतरी भरतं. आणि कंप्युटरवर लोक काय भरतात? सिनेमे. मालिका. दुपारी डेअरी रिकामी असते, पंखा असतो, नेट असतं. चावी कुणाकडं असते?

चेअरमननी मला फोन लावला. मी मीटिंगमध्ये होतो. समोर पडद्यावर कुणीतरी बाण आणि चौकोन दाखवत होतं आणि पुढचा प्रश्न मलाच येणार हे मला कळत होतं. माझा आवाज बंद करून मी फोन घेतला. चेअरमन म्हणाले, “इंजिनेर, डिस्क फुल झालीया. ह्यो पोरगा म्हणतोय कुणीतरी सिनेमे घाटल्यात. तसं हुतंय काय?”

मी म्हणालो, “असेल. बघून डिलीट करा काय ते.”

आणि फोन ठेवला. बाण-चौकोनवाल्यानं मला प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, त्याला ते पटलं. त्या मीटिंगमधलं मला आज काहीही आठवत नाही.

पुढं काय झालं ते मला सहा आठवड्यांनी कळलं. सिनेमा एकही सापडला नव्हता. पण भाच्याचं म्हणणं पडलं की तिनं पुसले असणार, आणि इंजिनेरही म्हणाला की असेल. त्यानं हाताला येईल ते पुसून थोडी जागा केली, गाडं चालू झालं. आक्कांना सांगितलं, तुम्ही थोडे दिवस घरी ऱ्हावा. खुर्चीवर भाचा बसला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं की डेअरीत बसून सिनेमे बघतीया. घरात सासूनं काय काय ऐकवलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सहा आठवड्यांनी डिस्क पुन्हा भरली. आता खुर्चीवर भाचाच होता, त्यामुळं सिनेम्यांचा विषय निघाला नाही. मला बोलावणं आलं. मी शनिवारी गेलो, लॉगचा फोल्डर उघडला आणि बसूनच राहिलो. तिथं महिन्याभराच्या फायली असायला हव्या होत्या. तिथं पहिल्या दिवसापासूनच्या फायली होत्या, भाच्याच्या हातून सुटलेल्या सगळ्या, मराठी तारखांच्या. वजनकाटा सेकंदाला चार-पाच वेळा बोलतो आणि लॉग ते सगळं इमानेइतबारे लिहून ठेवतो, त्यामुळं एकेक फाइल ही एवढी. लायब्ररी फायलींना नावं देताना कंप्युटरची भाषा बघत होती आणि मराठी आकडे घालत होती. जुन्या फायली शोधताना मात्र इंग्रजी आकडेच शोधत होती. आपणच लिहिलेलं नाव तिला ओळखू येत नव्हतं. म्हणून तिनं दीड वर्षात एकही फाइल पुसली नव्हती. सगळं सरळ होतं. वीस मिनिटांत कळलं. ती वीस मिनिटं मी सहा आठवड्यांपूर्वी दिली असती तर एका बाईची खुर्ची आणि अब्रू दोन्ही जागेवर राहिली असती.

मी चेअरमनना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. फक्त संस्था चालवून चालवून तोंडी गोष्टीवरचा त्यांचा विश्वास उडालेला आहे. म्हणाले, “म्हंजे चूक तुमच्या प्रोग्रॅमची?”

“माझ्या म्हणजे, मी वापरलेल्या लायब्ररीची. ती परदेशातले लोक लिहितात.”

“त्यांना ठावं हाय काय चूक हाय म्हणून?”

“अजून नाही.”

“मग कसं? भाचा एक सांगतोय, तुम्ही एक सांगताय. कुणाचं चुकलं ते लिहून आणा. कागद आला की मी कमिटीत वाचतो, ठराव करतो, बाईला बोलावून घेतो. तोंडी सांगितलं तर लोक म्हणत्याल, इंजिनेर बाईची बाजू घेतोय.”

आमच्या भागात हे असंच आहे. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं. कागद पाहिजे, कागदावर कुणीतरी मोठं पाहिजे, आणि तो सभेत मोठ्यानं वाचला गेला पाहिजे. मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं, हे आज सांगतो. लायब्ररीवाल्यांनी चूक मान्य केली, दुरुस्ती घेतली आणि नव्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांच्या यादीत एक ओळ छापली की कागद तयार. जुन्या फायली पुसायची तात्पुरती सोय मी तिथल्या तिथं करून दिली. डेअरी चालू राहिली. त्या ओळीवाचून आता फक्त एका घराचं अडणार होतं, आक्कांच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लायब्ररीच्या साइटवर तक्रार लिहिली. काय घडतं, कसं घडतं, पुन्हा कसं घडवून बघायचं, सगळं नीट. तीन आठवडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एकानं लिहिलं, माझ्याकडं असं होत नाही. त्याच्याकडं होणार नव्हतंच, त्याचा कंप्युटर इंग्रजीत. मी पुन्हा समजावलं. त्यावर लायब्ररी सांभाळणाऱ्या मुख्य माणसानं विचारलं: मराठीत खरंच कुणी यंत्र चालवतं का, की हे तुम्ही चाचणीपुरतं केलंय?

हे वाचून माझं डोकं सणकलं. मी लिहायला बसलो. आमच्याकडं दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून काय काय होतं, लोक आपल्या भाषेतल्या एका कागदासाठी किती वर्षं अर्ज करत राहतात, म्हाताऱ्यानं चिठ्ठी टोपीत कशी ठेवली, सगळं लिहिलं. पडदाभर झालं. मग वाचून बघितलं आणि वाटलं, त्या बिचाऱ्यानं एक साधा प्रश्न विचारलाय. मी ते सगळं पुसलं आणि दोन ओळी ठेवल्या: होय, चालवतात. एका गावातली दूध डेअरी चालवते.

तो म्हणाला, मग दुरुस्ती पाठवा.

वाटतं तितकं ते सोपं नसतं. तुम्ही बदल करून पाठवायचा, त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. तो पाठवला की आधी माणसं येत नाहीत, यंत्रं येतात. एका यंत्रानं सांगितलं, अमुक ओळीच्या शेवटी जागा सुटली आहे. दुसऱ्यानं सांगितलं, आपलं काम सगळ्यांना वापरू देण्याच्या करारावर सही नाही. सही केली. तिसऱ्यानं सांगितलं, तुमचा बदल जुन्या प्रतीवर केलेला आहे, नव्या प्रतीवर पुन्हा बसवा. बसवला. मी सकाळी साडेसहा ते आठ हे काम करायचो, नऊला कंपनीची पहिली मीटिंग. शनिवारी दुपारचा एखादा तास मिळायचा. हात चालत असायचे, मन कधीच दमून गेलेलं असायचं.

माझी पहिली दुरुस्ती अशी होती की लायब्ररीनं मराठी आकडेही ओळखावेत. ती त्यांना नको होती. त्यांचं म्हणणं, फाइलच्या नावात भाषा आणूच नका, नावं सगळीकडं एकाच आकड्यांत लिहा. खरं बघता त्यांचंच बरोबर होतं. उद्या ती फाइल दुसऱ्या यंत्रावर नेली तर तिथंही वाचता आली पाहिजे. पण म्हणजे मला सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचं होतं.

त्याच सुमारास एका सकाळी आमचे वडील, आप्पा, वर आले. वय ऐंशीच्या पुढं. सीमाप्रश्नाच्या एकाही मोर्चाला न चुकलेला माणूस. घरातल्या टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा मराठी पाहिजे म्हणणारा. माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत म्हणाले, “सकाळच्या पारी काय कराय लागलाईस रं?”

“फाइलच्या नावातले मराठी आकडे काढून इंग्रजी घालतोय.”

आप्पांनी मला नीट न्याहाळलं. “आमी मोर्चात चालून चालून पायाला कुरूपं करून घेतली, आणि तू आमच्याच माडीवर बसून मराठी पुसाय लागलाईस व्हय?”

मी त्यांना डेअरीची सगळी गोष्ट सांगितली. आक्कांची सुद्धा. ते खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “चिठ्ठीवरचं मराठी ऱ्हातंय न्हवं?”

“राहतंय. हे फक्त आतलं.”

“मग आतलं काय बी कर.” जिन्याकडं जाता जाता थांबले. “पर त्या पोरीला जाऊन भेटलास काय?”

मी म्हणालो, कागद हातात आला की जाणार आहे. आप्पांनी कठडा धरला. एकेका पायरीवर थांबत खाली गेले.

नव्या दुरुस्तीबरोबर त्यांना टेस्ट हव्या होत्या, म्हणजे चूक पुन्हा शिरली तर ओरडणारे छोटे प्रोग्रॅम. मी वेगवेगळ्या भाषा लावून बघितल्या. नेपाळीत चूक होत होती, काही अरबी देशांच्या सेटिंगमध्ये होत होती. कन्नड लावलं तर सगळं बिनबोभाट चालत होतं, कारण कन्नड लावल्यावर कंप्युटर आकडे आपणहून बदलत नाही. कंपनीतल्या एका कन्नड सहकाऱ्याला मी हे सांगितलं तर तो खो खो हसला. “मग कन्नड करून टाक की, विषय संपला!” मी म्हटलं, हा उपाय तू स्वतः येऊन डेअरीच्या सभेत सांग, मी तुला बसस्टँडपर्यंत सोडतो, पुढचं तू बघ. त्या महिन्यात मी तेवढाच एकदा मनापासून हसलो असेन. अरबीचं नाव यादीत आल्यावर मात्र लायब्ररीवाल्यांचे कान टवकारले. एकट्या मराठीसाठी न हललेलं काम जरा पुढं सरकलं. याचं वाईट वाटावं की बरं, हे ठरवायचीही ताकद माझ्यात उरली नव्हती.

सरकलं आणि पुन्हा अडलं. एकानं म्हटलं, बदल चांगला आहे, पण ज्यांच्या जुन्या फायलींच्या नावांत आधीच दुसरे आकडे पडलेत त्यांचं काय? मी त्याचीही सोय केली. दोन महिने कुणी बोललं नाही म्हणून यंत्रानंच माझी पुल रिक्वेस्ट बंद केली आणि खाली लिहिलं, आपल्या योगदानाबद्दल आभार. मी लॅपटॉप मिटला आणि आठवडाभर तिकडं फिरकलो नाही.

त्या आठवड्यात खानापूरच्या बाजारात मला आक्का दिसल्या. हातात पिशवी, सोबत सासू. पाच-सहा पावलांवर होत्या. त्यांनी मला बघितलं असावं. मी खिशातून मोबाइल काढला, नसलेला फोन कानाला लावला आणि भाजीच्या गाड्यामागून निघून गेलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर अर्धे केस पांढरे, आणि कोथिंबिरीच्या आड लपतोय. घरी येईपर्यंत माझी मलाच शिसारी आली. त्याच दुपारी मी बंद झालेली पुल रिक्वेस्ट पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं: कृपया बघा. इथं एका व्यक्तीची नोकरी यावर अडकली आहे.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या मुख्य माणसानं लिहिलं होतं की उशिराबद्दल माफ करा, ही लायब्ररी आता मी जवळपास एकटाच बघतो, वडील दवाखान्यात आहेत, मिळेल तशा वेळात करतोय. मी त्याला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! हजारो कंपन्या त्याचं काम फुकट वापरतात, आमची बंगळूरची कंपनीसुद्धा, आणि तो दवाखान्याच्या बाकड्यावर बसून माझ्या ओळी तपासतोय. मी लिहिलं, सावकाश बघा, वडिलांना जपा. खरं तर मला सावकाश नको होतं. पण दमलेल्या माणसाला दमलेला माणूस आणखी काय लिहिणार?

त्यानं पुढच्या महिन्यात बदल घेतला. त्यानंतर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. दुरुस्त्यांच्या लांबलचक यादीत, खालून चौथी, ती ओळ होती. इंग्रजीत एवढंच की काही भाषांच्या सेटिंगमध्ये जुन्या लॉग फायली पुसल्या जात नव्हत्या, ते दुरुस्त केलं. मराठीचा उल्लेख नाही. पुढं कंसात माझं टोपणनाव. पहिला फोन आल्यापासून वर्ष होत आलं होतं. आनंद झाला का? झाला असावा. मी बायकोला सांगितलं, ती ‘बरं झालं’ म्हणाली आणि मी दुपारभर झोपलो.

सोमवारी सुट्टी टाकली. यादीचं ते पान छापून घेतलं, आपली ओळ पेनानं अधोरेखित केली, खाली मराठीत अर्थ लिहिला आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडी काढली. आधी चेअरमनकडं जायचं ठरवलं होतं. गावात शिरल्यावर गाडी आपोआप आक्कांच्या घराकडं वळली. आप्पांनी जिन्यात विचारलेला प्रश्न मला इतके महिने टोचतच होता.

आक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला बघून उठल्या, पाणी आणून दिलं, समोर बसल्या. आधीपेक्षा वाळल्या होत्या. मी घाईघाईनं कागद पुढं केला आणि बोलत सुटलो: परदेशातल्या लोकांनी चूक मान्य केलीय, हे बघा छापून आलंय, आता चेअरमन सभेत वाचतील, ठराव होईल, तुम्हाला परत बोलावतील.

त्यांनी हात पदराला पुसून कागद घेतला. मराठी अर्थाकडं न बघता वरचं इंग्रजीच वाचलं. दोनदा वाचलं.

“हे तुम्ही केलं व्हय, सर?”

“हो. दहा महिने लागले.”

“लई खटपट केली तुम्ही.” त्यांनी कागद मांडीवर ठेवला. “पर ह्यात माझं काय हाय?”

मला समजलं नाही. मी म्हणालो, डिस्क कशानं भरली ते यात आहे.

“लायब्ररीचं चुकलं हे हाय. मी सिनेमे बघितलं न्हाईत, हे कुठं लिवलंय?”

“पण डिस्क त्यानंच भरली म्हटल्यावर...”

“ते तुमाला कळतंय. मला बी कळतंय. गावाला हे इंग्रजी कशाला कळायला? गावानं एवढंच ऐकलंय की इंजिनेर म्हणाला, ‘असेल.’ घरात बी रोज तेवढंच ऐकते मी.” त्यांचा आवाज चढला नाही. “तुम्ही त्या लोकांना येवढं लिवलंत, सर. आमच्या कमिटीला तुमी काय लिवलं?”

काही नाही. काहीच लिहिलं नव्हतं. चेअरमननी सांगितलं होतं, कुणाचं चुकलं ते लिहून आणा. ‘लायब्ररीवाल्यांकडून’ हा शब्द त्यांनी उच्चारलाच नव्हता, तो माझा होता. साता समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांना मी शंभरदा चिकाटीनं समजावलं होतं, कारण तिथं चूक कुणाचीच नव्हती, कोडची होती. इथं ती एका माणसाची होती आणि तो माणूस मी होतो. मला भयंकर लाज वाटली. ऊठसूट थकलो थकलो म्हणणारा मी, आणि जे करायला अर्धं पान पुरलं असतं तेवढंच टाळण्यासाठी वर्षभर राबत होतो.

“वही आहे का?” मी विचारलं.

त्यांनी कोनाड्यातून वही काढली, मधलं पान फाडून दिलं. मी गुडघ्यावर ठेवून लिहिलं. चेअरमन आणि संचालक मंडळास. डेअरीच्या कंप्युटरची डिस्क मी बसवलेल्या प्रोग्रॅममुळे भरली. आक्कांनी त्यावर सिनेमे किंवा दुसरं काहीही पाहिलेलं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी काही न तपासता ‘असेल’ असं म्हणालो. चूक माझी आहे, त्यांची नाही. खाली सही केली, तारीख घातली.

आक्कांनी ते वाचलं. छापील कागद त्यांनी मला परत दिला. अर्धं पानही परत दिलं.

“आता मोठ्यानं वाचा,” त्या म्हणाल्या. “आत्याबाई आत हाईत.” सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या.

मी वाचायला लागलो. आतला भांड्यांचा आवाज थांबला. ‘असेल’पर्यंत बरं चाललं होतं, शेवटचं वाक्य मात्र तोंडातल्या तोंडात राहिलं.

“ऐकू आलं न्हाय,” आक्का म्हणाल्या. “पुन्यांदा वाचा.”